कुत्र्याची जात बघायची की मालकाची जबाबदारी?



पावसाळा संपल्यावर दातिवऱ्याला गटाच्या बैठकीला गेले होते. बचत गोळा झाली, कर्जाचे हप्ते लिहून झाले आणि सह्या चालू असताना एका ताईंनी पायावरची साडी थोडी वर केली. पोटरीवर पट्टी होती. पहाटे पाटी डोक्यावर घेऊन सफाळ्याच्या एसटीसाठी निघाल्या होत्या. वाटेवरच्या एका बंगल्याचं फाटक उघडं होतं. आतला मोठा कुत्रा धावत आला आणि पोटरीला धरलं. पाटी पडली, मासळी रस्त्यावर गेली, त्या दिवसाचा धंदा बुडाला. घरी आल्यावर कोणीतरी जखमेवर चुना लावला आणि फडकं बांधलं. दवाखान्यात त्या गेल्या दुसऱ्या दिवशी दुपारी.

मग बैठकीत एकच गलका झाला. एक ताई म्हणाल्या, "ती जातच वाईट. अशा कुत्र्यांवर सरकारने बंदीच घातली पाहिजे." दुसऱ्या म्हणाल्या, "कुत्र्याला काय कळतंय? मालक शनिवार-रविवार मुंबईहून येणार आणि बाकी पाच दिवस कुत्रा वाऱ्यावर. मालकाला धरा." कोपऱ्यात बसलेल्या मावशी एवढंच म्हणाल्या, "आणि आपला गावठी चावतो तेव्हा कोणाला धरायचं?" सगळ्या गप्प झाल्या.

अजून एक गोष्ट होती. त्या बंगल्यावर राखण करणारे दादा म्हणजे आपल्याच गटातल्या एका ताईंचे मालक. तक्रार केली तर त्यांची नोकरी जाणार ही भीती त्यांच्या तोंडावर दिसत होती. चावलेल्या ताईही आपल्याच आणि ह्याही आपल्याच. त्या दिवशी माझ्याकडे उत्तर नव्हतं. "पुढच्या बैठकीला माहिती घेऊन येते" असं सांगून निघाले. जी माहिती मिळाली ती आता सगळ्याच गटांसाठी लिहिते आहे.

बंदीची गोष्ट कुठून आली?

जुलै २०२२ मध्ये लखनौला घरातच पाळलेल्या पिटबुल कुत्र्याने एका वयस्कर बाईंचा जीव घेतला. मुलाचाच कुत्रा, घरातच वाढलेला. ही बातमी देशभर गाजली. नंतरही अशा बातम्या येत राहिल्या. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं आणि डिसेंबर २०२३ मध्ये न्यायालयाने केंद्र सरकारला तीन महिन्यांत निर्णय घ्यायला सांगितलं.

१२ मार्च २०२४ ला केंद्राच्या पशुसंवर्धन विभागाने सगळ्या राज्यांना पत्र पाठवलं. पिटबुल, रॉटवायलर, तोसा इनू, केन कोर्सो अशा २३ जातींच्या कुत्र्यांच्या विक्रीला आणि पैदाशीला परवानगी देऊ नका, आणि ज्यांच्याकडे असे कुत्रे आधीपासून आहेत त्यांनी त्यांची नसबंदी करून घ्यावी, असं त्यात होतं.

पण महिन्याभरातच, १० एप्रिल २०२४ ला, कर्नाटक उच्च न्यायालयाने हे पत्रक रद्द केलं. ज्यांच्यावर परिणाम होणार त्यांचं म्हणणं ऐकून घेतलं नाही आणि समितीत जाणकार माणसं नीट घेतली नाहीत, हे त्याचं मुख्य कारण. सगळ्यांचं ऐकून घेऊन पुन्हा नियम करायला सरकारला मोकळीक ठेवली. म्हणून "अमुक जातीवर बंदी आहे, आता काळजी नाही" असं कोणी सांगितलं तर त्यावर विसंबून राहू नका.

जातीने फरक पडतो का?

थोडा पडतो, तो नाकारू नये. रॉटवायलरसारखा अंगाने जड, जबड्याने मजबूत कुत्रा चावला तर जखम खोल होते. लहान मूल किंवा म्हातारं माणूस सापडलं तर जीवावर बेतू शकतं. असा कुत्रा ठेवणाऱ्याने दुप्पट काळजी घेतली पाहिजे, यात दुमत नाही.

पण कुत्रा चावणार की नाही, हे नुसत्या जातीवर ठरत नाही. लहानपणी त्याला माणसांची सवय लागली का? दिवसभर साखळीला बांधलेला असतो का? मार खातो, उपाशी राहतो का? आजारी आहे का? पिल्लं झालेली कुत्री आहे का? फाटक उघडं राहतं का? ह्या सगळ्या गोष्टी माणसाच्या हातातल्या आहेत.

दुसरी अडचण अशी की जात ओळखायची कोणी? संकर झालेला कुत्रा बघून ही कोणती जात, हे भल्याभल्यांना सांगता येत नाही. आणि आपल्याकडचं आठवून बघा. तुमच्या पाड्यात गेल्या दोन वर्षांत ज्यांना कुत्रं चावलं, त्यांतल्या किती जणांना विलायती कुत्रा चावला? बैठकीत मी हात वर करायला सांगितलं. स्वतःला किंवा घरात कोणाला चावलं असे नऊ हात वर आले. त्यांत बंगल्याचा कुत्रा एकच. बाकी आठ गावठी, आणि त्यांतले तीन आपल्याच दारात भाकरी खाणारे. हे काही सर्वेक्षण नाही, एका खोलीतली मोजणी आहे. पण २३ जातींची यादी उद्या लागू झाली तरी ह्या आठ जणींना तिचा काही उपयोग नव्हता.

बाहेरच्या देशांतही हा वाद चालू आहे. इंग्लंडमध्ये १९९१ पासून पिटबुलसह चार जातींवर बंदी आहे. तरीही लोकांना चावे बसत राहिले, आणि तिथल्या सरकारला पुढे एक्सएल बुली नावाचा अजून एक प्रकार यादीत घालावा लागला. १ फेब्रुवारी २०२४ पासून तो कुत्रा दाखल्याशिवाय ठेवणं तिथे गुन्हा आहे. उलट नेदरलँड्स देशाने १९९३ ला पिटबुलवर घातलेली बंदी पंधराएक वर्षांनी उठवली, कारण चाव्यांचं प्रमाण काही कमी झालं नाही. कॅनडातल्या कॅल्गरी शहराने जातीवर बंदी न घालता प्रत्येक कुत्र्याची नोंदणी आणि निष्काळजी मालकाला जबर दंड, असा रस्ता धरला.

कायदा मालकाबद्दल काय म्हणतो?

जातीच्या यादीचं काहीही होवो, मालकाला धरणारा कायदा आपल्याकडे आधीपासून आहे. पूर्वी भारतीय दंड संहितेत कलम २८९ होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, त्यात ते कलम २९१ झालं. आपल्या ताब्यातल्या जनावरापासून माणसाच्या जीवाला किंवा अंगाला धोका होऊ नये म्हणून जो पुरेशी काळजी घेत नाही, त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पोलिसांना हा गुन्हा नोंदवता येतो. ह्या कलमात कुत्र्याची जात कुठेच नाही.

मुंबईतली दोन प्रकरणं सांगते.

पहिलं २०१० चं. रस्त्यावर दोन ओळखीच्या माणसांचं मालमत्तेवरून भांडण चाललं होतं. एकाच्या गाडीत रॉटवायलर कुत्रा होता. समोरचा सांगत होता, दार उघडू नका. त्याने उघडलं. कुत्रा ७२ वर्षांच्या त्या माणसाच्या हाताला आणि पायाला चावला. २०२३ मध्ये न्यायालयाने मालकाला तीन महिन्यांची कैद सुनावली.

दुसरं २०१८ चं, वरळीच्या इमारतीतलं. लिफ्टमध्ये एक माणूस लहान मुलाला घेऊन उभा होता. मुलगा कुत्र्याला घाबरतो, जरा थांबा, असं त्याने सांगितलं. मालकाने न ऐकता हस्की जातीचा कुत्रा आत ओढला आणि तो मुलाच्या वडिलांच्या हाताला चावला. २०२५ मध्ये मालकाला चार महिन्यांची कैद झाली.

आता बघा. रॉटवायलर त्या २३ च्या यादीत आहे, हस्की नाही. पण न्यायालयाने दोन्हीकडे मालकाचं वागणंच बघितलं. दोघांनाही समोरच्याने आधी सांगितलं होतं आणि दोघांनीही ऐकलं नाही.

ह्यात एक कडू गोष्टही आहे. पहिल्या प्रकरणाला तेरा वर्षं लागली, दुसऱ्याला सात. म्हणून कायदा हातात आहे हे माहीत असू द्या, पण सगळी भिस्त त्यावर ठेवू नका. कोर्टात जायची वेळ आलीच तर बाईमाणसाला, उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करायचा.

राखणदार दादांचं काय?

कलमात "ताब्यातलं जनावर" असे शब्द आहेत. म्हणजे मालक मुंबईत बसला आणि कुत्रा राखणदाराच्या हातात असला, तर बोट राखणदाराकडेही वळू शकतं. आपल्या कितीतरी घरची माणसं वाड्यांवर, बंगल्यांवर राखणीला आहेत, म्हणून हे मुद्दाम लिहिते. मालकाकडून चार गोष्टी आधीच मागून घ्या: लसीचं कार्ड, मजबूत पट्टा आणि तोंडाची जाळी, बंद होणारं फाटक, आणि कुत्र्याला दिवसातून दोनदा फिरवायला लागणारा वेळ. फाटकाची कडी मोडली असेल तर मालकाला फोनवर मेसेज करून ठेवा. उद्या काही झालं तर "मी सांगितलं होतं" ह्याचा पुरावा तुमच्याकडे राहील.

दातिवऱ्याच्या गटाने शेवटी तेच केलं. थेट पोलिसांत न जाता आधी मालकाला पत्र लिहिलं, एक प्रत ग्रामपंचायतीला दिली. त्यात राखणदाराचं नाव घातलं नाही. फाटक दुरुस्त करा, लसीचं कार्ड दाखवा, ताईंच्या दवाखान्याच्या फेऱ्या आणि बुडालेली मजुरी भरून द्या, असं लिहिलं. पत्र लिहायला सगळ्यांत पुढे कोण होतं? राखणदार दादांच्या घरच्याच ताई. मालक रविवारी आले. आधी आवाज चढवला, मग पंधरा बाया समोर बघून खाली बसले. लसीचं कार्ड काढलं तर त्याची तारीख वर्षभरापूर्वीच संपलेली. पैसे दिले, कडी बसवली. कुत्रा अजून भुंकतो आणि ताई अजून त्या वाटेने काठी घेऊन जातात. पण दादांची नोकरी टिकली आणि फाटक बंद असतं.

आपल्या दारातला कुत्रा कोणाचा?

आता मावशींच्या प्रश्नाकडे येते. "आमचा नाही हो, असाच येतो," असं आपण सगळ्याच म्हणतो. पण रोज भाकरी आपण घालतो, रात्री तो आपलं अंगण राखतो, आपण हाक मारली की येतो. मग चावल्यावर तो कोणाचाच कसा नाही? बंगलेवाल्याला जे विचारतो ते आपल्यालाही लागू आहे.

- पिल्लू तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस द्यायची, मग दरवर्षी. पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करा. शेळ्यांच्या लसीकरणाला पशुसखी येते तेव्हा तिच्याकडे कुत्र्यांची यादीही द्या.
- कुत्रीची नसबंदी करून घ्या. नको असलेली पिल्लं बंदरावर नेऊन सोडणं म्हणजे आपली डोकेदुखी दुसऱ्याच्या दारात टाकणं.
- दिवसभर बांधून ठेवू नका. सतत साखळीला असलेला कुत्रा चिडका होतो. कुत्र्याला कायम बांधून ठेवून फिरवायचंच नाही, हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे.
- आशाताई, पोस्टमन, शाळेची पोरं ज्या वेळी येतात त्या वेळी चावरा कुत्रा बांधा.
- खाणाऱ्या आणि पिल्लांजवळच्या कुत्रीला हात लावायचा नाही, आणि कुत्रं अंगावर आलं तर पळायचं नाही, हे पोरांना शिकवा.

खरोखरच भटकी असलेली कुत्री

२०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे भटक्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण हे स्थानिक संस्थेचं काम आहे. यात ग्रामपंचायतही आली. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ ला सांगितलं की नसबंदी आणि लस झालेली कुत्री परत त्याच भागात सोडावीत, पण रेबीज झालेली किंवा फार आक्रमक कुत्री सोडू नयेत. कुत्र्यांना खायला घालायची जागा ठरवून द्यावी, असंही सांगितलं. ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशात शाळा, दवाखाने, बस स्थानकं, रेल्वे स्टेशनं इथली कुत्री हलवायला सांगितली. ग्रामसभेत हा विषय मांडताना ह्या तारखा वहीत लिहून न्या.

विष घालून मारणं हा मार्ग नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली त्याला पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. शिवाय तेच विष उद्या आपल्या कोंबडीच्या किंवा पोराच्या तोंडात जाऊ शकतं.

आणि आपल्या हातातलं एक मोठं काम. कुत्री जमतात ती खायला मिळतं म्हणून. बंदरावर मासळीची घाण उघडी पडते, बोंबील-जवळ्याच्या वाळवणाजवळ टाकाऊ माल तसाच राहतो. तिथे टोळी जमते, मग वाळवणही खाते आणि हाकलायला गेलेल्या बाईवरही धावते. ती घाण रोजच्या रोज खड्ड्यात पुरा किंवा नारळाच्या आळ्यात मातीखाली घाला. झाडालाही खत मिळेल.

चावलंच तर काय करायचं?

हा भाग कापून घरात चिकटवा. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. पण वेळेत उपचार घेतले तर तो होतच नाही.

१. लगेच साबण लावून वाहत्या पाण्याखाली जखम पंधरा मिनिटं धुवा. घड्याळ लावून पंधरा.

२. चुना, हळद, तिखट, तेल, काही लावू नका. घट्ट बांधू नका.

३. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा. लस मोफत आहे. कातडीत द्यायची लस पहिल्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. दंडात द्यायची असेल तर चौदाव्या दिवशी अजून एक. पोटात चौदा सुया घ्यायचे दिवस गेले.

४. रक्त आलं असेल तर लसीबरोबर जखमेत सीरमही भरावं लागतं. डॉक्टरांना स्वतःहून विचारा, "सीरम लागेल का?" तिथे नसेल तर कुठे मिळेल ते चिठ्ठीवर लिहून घ्या.

५. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईनेही लस घ्यायचीच.

६. कुत्रा ओळखीचा असेल तर त्याला दहा दिवस नजरेखाली ठेवा, मारू नका. पण त्यासाठी आपली लस थांबवू नका.

७. दवाखान्याचा कागद, जखमेचा फोटो, तारीख, वेळ आणि बघणाऱ्यांची नावं जपून ठेवा.

मधला डोस चुकवू नका. "जखम भरली, आता कशाला एसटीचं भाडं" असं म्हणून तिसऱ्या सुईला न जाणाऱ्या बाया मी बघितल्या आहेत. जखम भरणं वेगळं आणि रेबीज टळणं वेगळं. गटात कोणाला चावलं असेल तर तिच्या पुढच्या तारखा गटाच्या वहीत लिहा, कर्जाच्या हप्त्यासारख्याच, आणि आदल्या दिवशी आठवण करा. दातिवऱ्याच्या ताईंच्या चारही तारखा सचिव ताईंनी अशाच सांभाळल्या.

पुढच्या बैठकीत

प्रत्येक गटाने तीन कामं करावीत. पाड्यातल्या दारोदारच्या कुत्र्यांची यादी, त्यात लस झाली की नाही. चावऱ्या कुत्र्यांच्या मालकांना, बंगलेवाला असो की शेजारीण, समजुतीचं एक पत्र. आणि ग्रामसंघाच्या नावाने ग्रामपंचायतीला लसीकरण शिबिराची मागणी. याद्या पुढच्या महिन्याच्या बैठकीत माझ्याकडे द्या. पशुवैद्यकीय दवाखान्यात मी बरोबर येईन.

आणि हो, यादीत पहिलं नाव मावशींच्या कुत्र्याचं आहे. त्यांनी स्वतःच लिहायला लावलं.

तुमची,
क्षेत्र समन्वयक